एक गोष्ट राखून

पुणे, ९ फेब्रुवारी २०२३

प्रिय मावशी,

फोनवर काही विचारलं की तू "बरं, ठेवते" म्हणतेस, म्हणून हे पत्र. देवानंददादाने तुझं बोलणं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हापासून फोन म्हणजे चावडी, असं तू म्हणतेस. आता मलाही ते पटलंय.

मला कॉलेजात एक निबंध वाचायचा आहे. विषय मोठा आहे, तुला साधा करून सांगते. एखाद्या समाजात कुणाला तरी काही सापडतं. त्याच्या पोरांनी त्यावर माडी चढवली, नातवंडांनी माडीवर गच्ची, असं काही ठिकाणी झालं. काही ठिकाणी मात्र सापडलेलं तिथेच बसून राहिलं, आणि शंभर वर्षांनी दुसऱ्या कुणाला तरी तेच पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागलं. असं का? पुस्तकांत कारणं ढीगभर आहेत. राजे, लढाया, दुष्काळ, छापखाने उशिरा येणं, ज्याची विद्या त्याच्याच जातीत कोंडलेली राहणं. सगळी खरी असतील. पण लहानपणी आई मला रोहिणखेडची जुनी मशीद दाखवायला घेऊन गेली होती. भिंतीवरून हात फिरवत ती म्हणाली होती, "हा चुना कसा घोटला असंन, आता कोणाले इचारावं?" मला पुस्तकांपेक्षा तो प्रश्न जास्त छळतो.

दुसऱ्यांची मिरचीची रोपं कोलमडतात आणि तुझी उभी राहतात, हे मेहकरपासून धाडपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. ते तुला कुणी शिकवलं? आणि तू कुणाला शिकवलंस? निबंधात तुझं नाव घालणार नाही.

तुझी अर्पिता


जानेफळ, २१ फेब्रुवारी २०२३

अर्पिता,

आशीर्वाद आधी घे, बोलणी नंतर. पाकीट कुणी उघडून परत चिकटवलं आहे का, हे मी उजेडात धरून पाहिलं. तसं काही दिसलं नाही. सुनेने विचारलं, पुण्याहून काय आलं? म्हटलं, अर्पितासाठी स्थळ आलंय, त्याची माहिती. आता ती चार दिवस तुझ्या स्थळाच्या मागे राहील आणि माझ्या मागे येणार नाही.

नाव घालणार नाही म्हणतेस, म्हणजे बाकी सगळं घालणार. तुमच्या कॉलेजात शेतीवालं कुणी नाही ना, ते आधी कळव.

तुझ्या प्रश्नाला पुस्तकं कशाला लागतात? वस्ताद पोरांना सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो. आमच्या सासूबाई, रुखमाबाई, त्यातल्याच. बी ताकात कसं भिजवायचं, राख किती घालायची, पाणी फक्त सकाळीच का द्यायचं, सगळं दाखवलं. तरी माझी रोपं मानेत मोडायची आणि त्यांची ताठ. शेवटच्या दुखण्यात मी पाय चेपताना विचारलं, "आत्याबाई, आता तरी सांगा." त्यांनी कूस बदलली. त्या गेल्यावर कितीतरी हंगाम मी आंधळ्यासारखी चाचपडले, लोकांची बोलणी खाल्ली, तेव्हा कुठे सापडलं.

तुला सांगते. माझ्यामागे कुणाला तरी ठाऊक असावं, आणि तू काही पुण्यात मिरची लावणार नाहीस. ट्रेमध्ये बी टाकलं की वरून जी माती भुरभुरायची, ती वारुळाची. आपल्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीखाली मोठं वारूळ आहे, त्याचीच. वाळवून, चाळून घ्यायची. दुपारी घरचे जेवायला बसले की मी आणते. देवानंदला वाटतं, आई नागोबाच्या पाया पडायला जाते. मीही ते तसंच वाटू दिलं.

सुनेला का सांगत नाहीस, असं विचारशील. आज ती "आत्याबाई, ट्रे कधी भरायचे?" म्हणून विचारायला येते. सगळं सांगून टाकल्यावर ती कशाला येईल? मग मी दिवसभर भिंतीला टेकून माशा मारत बसू? तुमच्या निबंधवाल्यांना पेन्शन असते, त्यांना हे कळायचं नाही.

आणि हो, धाडची अजीजून शिकायचं म्हणते. अजीजुन्निसा तुला आठवत असेल, तुझ्या आईची आणि माझी माहेरच्या गल्लीतली मैत्रीण. इतकी वर्षं माझी रोपं तीच धाडच्या बाजारात विकते. आता म्हणते, इतक्या लांब गाडीतून येताना रोपं दमतात, मलाच शिकव, मी इथे शेडनेट टाकते. एका ताटात जेवलेली बाई, नाही कसं म्हणू? शिकवीन. एक सोडून.

हे पत्र वाचून फाडून टाक.

मावशी


पुणे, १४ मार्च २०२३

मावशी,

फाडलं नाही. कपाटात कुलपात आहे, रागावू नकोस.

तुझ्या पत्राने माझी सगळी टिपणं आडवी झाली. प्रत्येक वस्तादाने एकच डाव राखला, तरी काही पिढ्यांनी शिष्याच्या हातात नुसता लंगोट उरतो. रुखमाबाईंनी लपवलेलं तू पुन्हा शोधलंस, हे खरं. पण ती वर्षं जुनंच शोधण्यात गेली. तीच तुला नवं काही शोधायला मिळाली असती तर? आणि ज्या घरातल्या सुनेला सापडलं नसेल, तिथे ते कायमचं गेलं.

त्याहून तुझं ते माशा मारत बसण्याचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कुणी हे लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. सांगून टाकल्यावरही ज्याला घरात आणि गावात मान उरतो, तो माणूस सांगतो. जिथे उरत नाही, तिथे तो कूस बदलतो. माझ्या निबंधाचं हेच मुख्य पान आहे.

आमच्याकडे प्रेम नावाचे नवे प्राध्यापक आलेत. त्यांना माझा मसुदा वाचायचाय, त्याच विषयावर त्यांचंही व्याख्यान आहे. फार गोड बोलतात. फार गोड बोलणारा माणूस मला पेलत नाही. मसुदा दिला, पण ते पान काढून.

अजीजून मावशीला मात्र सगळं सांग. आईची मैत्रीण आहे.

अर्पिता


जानेफळ, १८ जून २०२३

अर्पिता,

मला म्हणतेस सगळं सांग, आणि त्या मास्तरला पान काढून देतेस. भाची शोभतेस माझी.

अजीजूनची पहिली खेप बसली. म्हणजे उगवली छान, आणि आठवड्याभरात सगळी मानेत मोडून आडवी झाली. परवा ती दोन एसट्या बदलून इथे आली. सुनेसाठी बांगड्या आणल्या होत्या, देवानंदच्या पोरीसाठी रेवड्या. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलली. मग मेलेल्या रोपांची जुडी फडक्यातून काढून माझ्यासमोर ठेवली.

"तू सांगतलं तसंच केलं वं सारं," ती म्हणाली. "मंग काऊन मेले?"

मी रोपं उलटीपालटी करून पाहिली. मला पाहायची गरज नव्हती. म्हटलं, "पाणी जास्त झालं असंन."

"हाव, माहा हात सैलच आहे पाण्याले," असं म्हणून ती स्वतःवरच हसली. तिने ते लगेच खरं मानलं.

तिला सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी धाडमध्ये माझी रोपं कुणी घेतली असती? आणि तीही काही इतकी भोळी नाही. जाताना धुऱ्याकडे मान वळवून पाहत होती. बोरीला या दिवसांत बोरं नसतात, मग पाहायचं काय? मला ते बरं वाटलं नाही.

मावशी


पुणे, ३ जुलै २०२३

मावशी,

तू राखून ठेवलंस, इथवर मी समजून घेतलं होतं. पण तिने समोर बसून विचारलं आणि तू खोटं कारण दिलंस. नुसती गप्प राहिली असतीस तर तिने दहा गोष्टी करून पाहिल्या असत्या. आता ती पाणी तोडणार आणि पुढची खेप वाळवून मारणार. रुखमाबाईंनीसुद्धा तुला कधी चुकीचं सांगितलं नव्हतं.

मला तुझा राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. तू सांगितलं नाहीस, तर एक दिवस मी सांगेन.

अर्पिता


जानेफळ, २६ मे २०२४

अर्पिता,

वर्षभर तुला लिहिलं नाही. आज लिहिते, कारण तू केलंस ते मला कळलं.

यंदा अजीजूनने माझा एकही ट्रे उचलला नाही. निरोप पाठवला, "यंदा घरचीच आहेत." शेजारचे माणिकराव धाडला सोयरिकीला गेले होते. येताना तिच्या नर्सरीतलं एक रोप घेऊन आले आणि माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाले, "कौशल्याबाई, तुमच्याहून जाड खोड आहे." चारचौघांत म्हणाले. मी हसले, आत जाऊन दार लावलं आणि मुळाशी माती चोळून चोळून पाहिली. वारुळाची माती दिसली नाही. म्हणजे माणिकराव येणार हे कळल्यावर तिने रोप दुसऱ्या मातीत खोचून दिलं असणार.

ही गोष्ट जगात दोघींनाच ठाऊक होती. मी सांगितली नाही. मग कुणी सांगितली? तू तर लिहूनच दिलं होतंस, एक दिवस सांगेन म्हणून. ते पत्र मी जपून ठेवलंय. माझ्या बहिणीची पोर म्हणून विश्वास टाकला, तो तू धाडच्या बाजारात मांडलास.

आता लिहू नकोस. लिहिलंसच तर खरं लिही.

मावशी


पुणे, ५ जून २०२४

मावशी,

मी सांगितलं नाही. धमकी दिली आणि मग माझीच हिंमत झाली नाही, खरं ते एवढंच.

तू मुळाशी माती शोधलीस, ती सापडली नाही, तरी तुला चोरीच दिसली. तिचं तिला काही सापडलं असेल, हे एकदाही मनात आलं नाही?

पण तुला तरी काय बोलू? मागच्या महिन्यात प्रेम सरांचं व्याख्यान झालं. मी दारातच बसले होते, माझं काय काय उचललंय ते टिपायला वही घेऊन. त्यांनी पहिल्याच वाक्यात माझं नाव घेतलं, माझ्या मसुद्यावर हे उभं आहे म्हणाले. पुढे बोलता बोलता ते नेमके त्या जागी आले जिथलं पान मी काढून घेतलं होतं. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "पण माणूस सांगत का नाही?" ते बराच वेळ शोधत राहिले आणि म्हणाले, मला माहीत नाही. उत्तर माझ्या पिशवीत होतं. मी उठले नाही. मला स्वतःची किळस आली, मावशी.

अर्पिता


जानेफळ, ८ एप्रिल २०२५

अर्पिता,

तुझं पत्र तेव्हा वाचून तसंच ठेवलं होतं. आज दुसरं कुणी नाही म्हणून लिहिते.

वारूळ गेलं.

शेजारून रस्त्याचं काम चाललंय. मी तीन दिवस मेहकरला नातलगाकडे दहाव्याला गेले होते. परत आले तर धुरा तळहातासारखा सपाट, बोर आडवी. मी विचारलं, हे कुणी केलं? देवानंद खुशीत होता. म्हणाला, "माय, जेसीबीवाला इथंच होता, मीच म्हटलं घे सपाट करून. सापाचं भेव गेलं अन् पेरायले दोन तासं, दोन ओळी जास्त निंगतीन." सून म्हणाली, आता तुम्हाला उन्हातान्हात नागोबाला जायला नको, आपण घरातच मूर्ती ठेवू.

त्यांना काय बोलू? ज्या मातीवर हे घर चाललं तिची किंमत मी कुणाला कळूच दिली नव्हती. ठाऊक असतं तर देवानंद त्या जेसीबीपुढे आडवा झोपला असता. माझ्याच पोराने, माझ्या भल्यासाठी, हसत हसत माझं सगळं सपाट केलं. मी गोठ्यात जाऊन खूप रडले.

माणिकरावांच्या वावरात एक लहान वारूळ आहे, त्याची माती आणून एक ट्रे टाकून पाहिला. मेला. ढिगाऱ्यातली माती चाळली, तीत मुरूम मिसळलाय, तोही मेला. गावोगावच्या लोकांनी रोपं सांगून ठेवली आहेत. या हंगामात रोप उभं राहिलं नाही, तर कौशल्याबाईचं नाव संपलं. आणि नाव गेल्यावर मी कोण?

काहीतरी सुचव. धाडला जा म्हणू नकोस. तिच्या दारात मी जाणार नाही. ती कशाला सांगेल? मी तिच्या जागी असते तर सांगितलं नसतं.

मावशी


पुणे, १४ एप्रिल २०२५

मावशी,

धाडला जा. पाण्याबद्दल खोटं बोलले होते, हेही सांग. दुसरं मला काही सुचत नाही.

मी माझं पान प्रेम सरांना दिलं, दोन वर्षांनी. त्यांनी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला दोन प्रश्न लिहून परत आणलं. दोन्ही मला सुचले नव्हते. निबंध परत लिहायला घेतलाय.

अर्पिता


जानेफळ, २९ जून २०२५

अर्पिता,

गेले होते. पदर पुढे ओढून एसटीत बसले, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. तरी माणिकराव भेटलेच, त्यांना सांगितलं डोळे दाखवायला चालले.

अजीजूनच्या शेडनेटमध्ये पाच-सात बाया बसलेल्या. मला पाहून ती उठली नाही, नुसती सरकली आणि म्हणाली, "बस वं." मी उभीच राहिले. वाटेत मोठं भाषण जुळवलं होतं, तोंडातून एवढंच निघालं, "माहे रोपं मरून राह्यले."

तिने हात धरून आत नेलं. तिचे ट्रे जमिनीवर नव्हते, बांबूच्या मांडवावर होते, कमरेइतक्या उंच. खालून वारा. म्हणाली, बूड कोरडं राहिलं की रोप मानेत मोडत नाही. वारुळाची माती कुठेच नव्हती. तिला ते नावही ठाऊक नव्हतं.

हे तिला सापडलं कसं, ते ऐक. पाणी तोडल्यावर तिची दुसरी खेप वाळून गेली. मग तिने उरलेलं बी आणि ट्रे गल्लीतल्या बायांना वाटून टाकले. म्हणाली, घरी करून पाहा, जगलं तर सांगा आणि मेलं तर आधी सांगा. बाजाराच्या दिवशी सगळ्या तिच्या दुकानापुढे जमायच्या. तानाबाई म्हणून एक आहे, तिने कोंबड्यांपासून वाचवायला ट्रे आडव्या शिडीवर ठेवला होता. तिचा एकटीचा जगला. दुसरीने शिडी उंच केली, तिसरीने बी उशिरा झाकून पाहिलं. ज्यांची मेली त्याही येऊन सांगायच्या, आणि त्यांना कुणी हसायचं नाही. मी एकटीने कितीतरी हंगाम घालवले, त्यांनी एका हंगामात निभावलं. तुझ्या निबंधात हे घाल, आणि तानाबाईचं नाव घाल. तिची हरकत नाही, मी विचारून आले.

निघताना मी सांगितलं, पाण्याचं मी खोटं बोलले होते.

"ठाव आहे मले," अजीजून म्हणाली. "त्या दिवशी रोपं पाहून झाल्यावर तू माह्याकडं पाह्यलंच नव्हतं."

"मंग मले सांगून काऊन राह्यली?"

ती रागावेल असं वाटलं होतं. तिला प्रश्नच नीट कळला नाही. म्हणाली, "जानेफळची हवा येगळी न वं. तुही कशी जगते ते तू सांगशीन, तवा माह्याही कामी येईन."

घरी आले, मांडव घातला. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. ही बाई एवढं सरळ कसं सांगेल? काहीतरी राखलं असणारच. रोज सकाळी एकेक ट्रे वाकून पाहायची, कुठे मानेत मोडलेलं दिसतं का. रोपं उभी राहिली, विकली गेली, आता लोकांच्या वावरात फुलावर येतील. तिने काय लपवलं ते मी शोधतच होते. शेवटी सुनेला विचारलं, अजीजूनने काय राखलं असेल? ती म्हणाली, "आत्याबाई, तिनं सारंच सांगतलं." मला रात्रभर झोप नाही. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कुणी मला सगळं सांगितलं, आणि मी त्यात खोट शोधत बसले.

आता खरी गोष्ट. मांडवाच्या पश्चिमेला ऊन-वाऱ्याने रोपं कोमेजत होती, म्हणून मी तिकडून ओलं गोणपाट लटकवलं. त्या बाजूची रोपं दोन बोटं जास्त उंच झाली आणि पानं काळीभोर. हे धाडमध्ये कुणाला सुचलेलं नाही. अजीजूनचे दोन निरोप येऊन गेले, तुझी कशी जगली ते कळव. मी दोन्ही वेळा कळवलं, "बरी आहेत." गोणपाटाचं शब्दानेही बोलले नाही. जीभ आपोआप थांबली. रुखमाबाईंनी कूस कशी बदलली असेल, ते मला तेव्हा कळलं.

उद्या पहिल्या एसटीने धाडला जाते आहे. वाटेत माझं मन फिरेल, मी स्वतःला ओळखून आहे. म्हणून सुनेला सोबत नेते आहे, आणि गोणपाटाचं तिला आत्ताच सगळं सांगून टाकलंय. मी तिथे गप्प बसले तर ती बोलेल.

मावशी